विजेचा वणवा आणि मेंढ्यांचे बेट

आपल्या राज्यात वणवा लागला की त्यामागे बहुधा माणसाचा हात असतो. कोणी फेकलेली विडी, बांध जाळताना सुटलेली आग, मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली केलेली जाळणी, नवे गवत लवकर फुटावे या समजुतीने डोंगराला लावलेली काडी अशी त्याची कारणे असतात. विजेमुळे आपल्याकडे माणसे दगावतात, झाडाखाली उभी असलेली जनावरे मरतात, एखादे माडाचे झाड किंवा कडब्याची गंजी पेट घेते. परंतु विजेने लागलेल्या आगीत हजारो हेक्टर क्षेत्र जळाले, असे सहसा घडत नाही. वळवाची वीज पडते तेव्हा तिच्या मागोमाग पाऊसही येतो आणि लागलेली आग तोच विझवतो.

जगात सर्वत्र असे होत नाही. ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर डिसेंबर २०१९ मध्ये वीज पडली, पण पाऊस आला नाही. त्यानंतरच्या महिनाभरात बेटाचा जवळजवळ निम्मा भाग, म्हणजे २ लाख ११ हजार हेक्टर क्षेत्र, जळून गेले. आपल्या राज्यातील सरासरी आकाराचे सुमारे अडीच तालुके होतील एवढे हे क्षेत्र आहे. या आगीविषयी त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले, पण ते मुख्यतः कोआला आणि कांगारू या वन्य प्राण्यांबद्दल होते. हे बेट शेतकऱ्यांचे आणि मेंढपाळांचे आहे, ही बाब मागे राहिली. आग महिन्याभरात आटोक्यात आली. शेतकऱ्यांचे खरे हाल त्यानंतर सुरू झाले आणि ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे झाले : चारा आणि कुंपण. म्हणून या लेखात आगीपेक्षा आगीनंतरच्या दिवसांची माहिती अधिक दिली आहे.

बेट आणि तेथील शेती

कांगारू बेट हे दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या किनाऱ्याजवळ असून मुख्य भूमीपासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहे. त्याची लांबी सुमारे १५५ किलोमीटर व क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्या पाच हजारांच्याही आत आहे. येणे-जाणे विमानाने किंवा मोटारी वाहून नेणाऱ्या बोटीने होते. खत, बियाणे, कुंपणाची तार, जनावरे असे सर्व काही या बोटीनेच आणावे लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला फ्लिंडर्स चेस हे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याला लागून पूर्वेकडे कुरणे, धान्याची शेती व निलगिरीची लागवड आहे.

येथील हवामान आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी) कोरडा जातो. मध्य भागातील पठारी जमीन मुळात गरीब आहे. तिच्यात स्फुरदाची, तसेच तांबे व जस्त यांसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची मोठी उणीव होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा भाग झुडपांनीच भरलेला होता. युद्धानंतर सरकारने परतलेल्या सैनिकांना येथे जमिनी दिल्या. सुपर फॉस्फेट, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि भूमिगत बी धरणारे क्लोव्हर (हे आपल्या बरसीमच्या कुळातील द्विदल गवत आहे) यांच्या आधाराने या सैनिकांनी तेथे कुरणे उभी केली. पार्नडाना हे गाव या वसाहतीतूनच वसले. आज ज्यांची कुरणे जळाली त्यांतील अनेकजण या सैनिक-शेतकऱ्यांची मुले व नातवंडे आहेत.

मेंढीपालन हा येथील मुख्य व्यवसाय आहे. लोकर आणि मांस ही दोन्ही उत्पादने त्यातून मिळतात. त्याशिवाय बार्ली, गहू, कॅनोला यांसारखी पिके होतात. बेटाची आणखी एक खासियत म्हणजे इटलीतील लिगुरिया प्रांतातून १८८० च्या दशकात आणलेल्या मधमाश्या. १८८५ मध्ये कायदा करून बेट या मधमाश्यांसाठी राखीव करण्यात आले. तेव्हापासून बाहेरच्या मधमाश्या, मध किंवा वापरलेल्या पेट्या बेटावर नेण्यास बंदी आहे.

कोरडी वीज कशी पडते ?

विजेचा ढग तयार झाला की पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. खालची हवा अत्यंत कोरडी व तापलेली असेल तर ढगाचा तळ फार उंचावर राहतो. ढगातून निघालेले थेंब खाली येता येता हवेतच सुकून जातात. जमिनीवर मात्र वीज पोहोचते. विजेच्या मार्गातील हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हा क्षण अतिशय थोडा असतो. परंतु काही विजांमध्ये प्रवाह थोडा अधिक काळ टिकतो आणि अशा विजा वाळलेले लाकूड व पालापाचोळा पेटवतात.

त्यात आणखी एक अडचण असते. वीज पडल्याबरोबर भडका उडेल असे नाही. पोकळ खोडात किंवा पाल्याच्या जाड थराखाली आग अनेक दिवस धुमसत राहते आणि वारा सुटला की वर येते. त्यामुळे गडगडाट झाला, सर्व शांत झाले, आता चिंता नाही असे समजून चालत नाही. पहारा पुढे काही दिवस चालू ठेवावा लागतो.

विजेची ठिणगी आणि प्रचंड वणवा यांच्यामध्ये दुष्काळ उभा असतो. २०१९ हे वर्ष ऑस्ट्रेलियाच्या हवामान नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले. त्याची काही कारणे हिंदी महासागरात होती. त्या वर्षी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडील पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड राहिला. यास शास्त्रज्ञ हिंदी महासागराचे धन द्विध्रुव असे म्हणतात, आणि २०१९ चे द्विध्रुव फारच तीव्र होते. अशा वर्षी ढगांची गर्दी आपल्या बाजूला होते व ऑस्ट्रेलिया कोरडा पडतो. आपल्या शेतकऱ्यांना ते वर्ष आठवत असेल. मान्सूनने परतीचा प्रवास ९ ऑक्टोबरला सुरू केला, नोंदींतील सर्वांत उशिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले, बाजरीच्या कणसांना कोंब फुटले, द्राक्षबागांमध्ये डाऊनी पसरला. आपल्या शेतात पाणी तुंबले होते त्याच सुमारास तेथील कुरणे वेळेआधी पिवळी पडत होती.

आगीचा महिना

दि. २० डिसेंबर २०१९ रोजी बेटाच्या उत्तर व पश्चिम भागात विजा पडून काही ठिकाणी आगी लागल्या. त्यांच्याशी झुंज चालू असतानाच ३० डिसेंबरला पुन्हा विजा पडल्या आणि राष्ट्रीय उद्यानात नवीन आग लागली. दि. ३ जानेवारी २०२० रोजी प्रखर उष्णता व जोराचा वारा एकत्र आले. त्या एका दिवसात आग राष्ट्रीय उद्यान ओलांडून शेतांतून पूर्वेकडे धावली. दोन माणसे मृत्युमुखी पडली. दि. ९ जानेवारीला वाऱ्याने पुन्हा उसळी घेतली आणि पार्नडाना गाव रिकामे करावे लागले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आग आटोक्यात आली. एकूण ८५ हून अधिक घरे आणि त्याशिवाय शेडस, गोठे, लोकर कातरण्याच्या इमारती, यंत्रसामग्री नष्ट झाली. मिडल रिव्हर येथील जलशुद्धीकरण केंद्राला झळ पोहोचल्याने पाणीपुरवठ्याचाही प्रश्न निर्माण झाला.

हे बेटाला अगदी नवीन नव्हते. डिसेंबर २००७ मध्येही विजेमुळेच तेथे आगी लागून बेटाचा सुमारे एक पंचमांश भाग जळाला होता. त्या वेळी बहुतेक आग जंगलात राहिली. या वेळी ती शेतांत उतरली, हा मोठा फरक होता.

शेतकऱ्यांचे स्वतःचे बंब

ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात आग विझविण्याचे काम मुख्यतः गावातील स्वयंसेवक करतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यांच्या संघटनेला कंट्री फायर सर्व्हिस म्हणतात. यात शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे सर्वजण असतात आणि त्यांना त्यासाठी पगार नसतो. याखेरीज शेतकऱ्यांची स्वतःची वाहने असतात. पिकअप गाडीच्या मागे ४०० ते १,००० लिटरची पाण्याची टाकी, त्यावर छोटे इंजिन असलेला पंप आणि रबरी नळी एवढेच त्याचे साहित्य असते. उन्हाळा सुरू झाला की ही टाकी भरून गाडीवर चढवून ठेवतात, ती हंगाम संपेपर्यंत उतरवीत नाहीत. मोठा बंब येण्यास तास-दीड तास लागतो. लहान आग मात्र पहिल्या दहा मिनिटांतच विझवता येते. म्हणून हे साधे वाहन मोठ्या बंबापेक्षा अनेकदा उपयोगी पडते. ३ जानेवारीसारख्या दिवशी मात्र आगीसमोर कोणतेच वाहन टिकत नाही, आणि अशा वेळी माणसांनी निघून जाणे हेच योग्य, असे तेथील अधिकारी स्पष्टपणे सांगतात.

आणखी एक प्रथा लक्षात घेण्यासारखी आहे. तापमान, हवेतील आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांवरून गवताच्या आगीचा धोका-निर्देशांक काढतात. तो ठराविक मर्यादेपलीकडे (दक्षिण ऑस्ट्रेलियातील संहितेत ही मर्यादा ३५ होती) गेला की शेतकरी कापणीयंत्र बंद करतात. उभे पीक तयार असले तरीही करतात. यंत्राचा तापलेला धुराडा किंवा दगडावर घासलेले पाते एवढ्यानेही शेत पेटू शकते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे.

जी कुरणे मेंढ्यांनी आधीच चरून उघडी केली होती, जी नांगरलेली होती किंवा ओलिताखाली हिरवी होती, तेथे आगीला खायला काही उरत नाही. म्हणून तेथील कृषिविस्तार अधिकारी प्रत्येक शेतात एक तुकडा असा 'मोकळा' ठेवण्यास सांगतात. त्यात पाण्याची सोय असावी, झाडे नसावीत आणि धोक्याच्या दिवशी सकाळीच कळप त्यात घालावा, अशी शिफारस आहे. आग दिसल्यावर कळप हाकणे शक्य होत नाही. मेंढ्या वाऱ्याबरोबर पळत सुटतात आणि कुंपणाच्या कोपऱ्यात अडकून एकमेकींवर चढतात. आगीनंतर मेलेल्या मेंढ्यांचे ढीग बहुधा अशा कोपऱ्यांत सापडतात.

जळालेली मेंढी

या आगीत सुमारे ६० हजार मेंढ्या मेल्या किंवा माराव्या लागल्या. यातील 'माराव्या लागल्या' हा भाग शेतकऱ्यांना सर्वांत जड गेला.

लोकर सहजासहजी पेटत नाही आणि पेटली तरी लगेच विझते. त्यामुळे अंगावर लोकर असलेली मेंढी आगीतून गेली तरी बऱ्याचदा दुरून धडधाकट दिसते. पण जेथे लोकर नसते ते भाग, म्हणजे तोंड, पापण्या, कान, कास, नराचे अंडकोष आणि पाय हे भाजतात. सर्वांत महत्त्वाचा भाग खुराच्या वरची कड होय. ती भाजली की पहिल्या दिवशी मेंढी चालते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगडते आणि पुढे खूर सुटून येतो. असे जनावर वाचत नाही, नुसते यातना भोगते. म्हणून एकदा पाहून निर्णय न घेता जवळजवळ दहा दिवस रोज कळप तपासावा लागतो. ज्या मेंढ्या उभ्या राहू शकत नाहीत, ज्यांचे खूर सुटले आहेत, ज्यांना धुरामुळे श्वास घेता येत नाही, त्यांना ताबडतोब वेदनामुक्त करावे लागते. कास भाजलेली मेंढी जगते, पण पुढील वेतात कोकराला पाजू शकत नाही. तिला ठेवण्यात अर्थ नसतो.

हा निर्णय ज्याने घ्यायचा तो बहुधा ज्याचे घर नुकतेच जळाले आहे असा शेतकरी असतो. त्याने पंधरा-वीस वर्षे निवड करून कळप तयार केलेला असतो. कोणत्या मेंढीची लोकर किती बारीक, कोणती जुळी देते, हे त्याला पाठ असते. माझ्या मते अशा वेळी पशुवैद्यकाचे मोठे काम औषध देणे हे नसून, शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहून कोणती ठेवायची आणि कोणती नाही, हा भार थोडा आपल्या डोक्यावर घेणे हे आहे. बेटावर सरकारी व खाजगी पशुवैद्यक, शेजारी शेतकरी यांनी हेच केले. सैन्यातील राखीव जवानांची मदत घेऊन मोठे चर खणून मेलेली जनावरे पुरण्यात आली. असे चर पाण्याच्या ओढ्यापासून व विहिरीपासून दूर आणि भूजलाच्या पातळीच्या बरेच वर असावे लागतात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात दुसरेच संकट उभे राहते.

चारा : पाच महिन्यांचे गणित

तेथील उन्हाळ्यात जनावरे वाळलेल्या उभ्या गवतावर जगतात. जानेवारीत हे गवत जळाले म्हणजे मे महिन्यातील पाऊस पडून नवे गवत वाढेपर्यंतचा सर्व चारा एका दिवसात संपला. मेंढ्या वाचल्या, पण त्यांना खायला काही उरले नाही, अशी अवस्था अनेकांची झाली.

गणित करून पाहू. सुमारे ५० किलो वजनाची कोरडी (न व्यालेली) मेंढी नुसती जगवायची तर बार्लीसारखे धान्य रोज सुमारे ६०० ग्रॅम आणि थोडे वाळलेले गवत लागते. १,००० मेंढ्यांना १५० दिवस म्हटले तर ९० टन धान्य झाले, आणि ते बोटीने आणायचे. गाभण मेंढ्यांना याहून जास्त लागते. शेतकऱ्यापुढे तीन मार्ग होते : मेंढ्या विकणे, मुख्य भूमीवर कोणाच्या तरी कुरणात भाड्याने पाठविणे किंवा लहान वाड्यात बंदिस्त ठेवून पोसणे. विकल्या तर हातात पैसे येतात, पण त्या काळात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे भाव चढे होते. म्हणजे विकताना बरे वाटले तरी परत घेताना तेवढेच महाग पडणार होते. शिवाय विकत आणलेला कळप हा आपल्या निवडीचा कळप नसतो.

बंदिस्त पोसण्याची पद्धत मला यांतील सर्वांत विचारपूर्वक वाटते. त्यात जळालेल्या कुरणाला विश्रांती मिळते. मात्र गवतावरच्या जनावराला एकदम धान्य घातले तर पोटात आम्लता वाढून ते मरते. म्हणून पहिल्या दिवशी ५० ते १०० ग्रॅमपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर आणावे लागते. वाळलेले गवत आधी आणि धान्य नंतर द्यावे. हा नियम आपल्या शेळ्या-मेंढ्यांनाही लागू आहे. लग्नसराईत उरलेला भात पोटभर खाल्ल्याने शेळी फुगून मेल्याची उदाहरणे आपण दरवर्षी पाहतो.

देशभरातून शेतकऱ्यांनी वाळलेल्या गवताचे गठ्ठे पाठविले. ही मदत अमोल होती. पण दान आलेल्या गवताबरोबर परक्या तणांचे बी येते. म्हणून असे गवत सर्व शेतभर न पसरता एकाच ठराविक तुकड्यात खाऊ घालावे आणि पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या तणांवर नजर ठेवावी, असा सल्ला देण्यात आला. आपल्याकडे चारा छावणीच्या जागेवर पुढच्या वर्षी गाजर गवत का माजते, याचे उत्तर यातच आहे.

जळालेल्या कुरणाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. राख म्हणजे खत, असे आपले शेतकरीही मानतात. कोकणातील राब भाजणी आणि डोंगराला काडी लावणे, दोन्हींच्या मागे हीच समजूत आहे. राखेतून पालाश, चुना आणि थोडे स्फुरद मिळते हे खरे. पण गवतातील बहुतेक नत्र आणि बरेचसे गंधक वायुरूपाने उडून जाते, आणि वाऱ्याने किंवा पहिल्या पावसाने राखच वाहून गेली तर बाकीचेही हाती लागत नाही. जमिनीवरचे आच्छादन गेल्याने वरचा सुपीक थर उघडा पडतो. पहिल्या पावसानंतर दिसणारी हिरवळ ही जमिनीत आधीच साठलेल्या अन्नद्रव्यांवरची असते. तिला खताची किमया समजू नये.

कांगारू बेटावर एक गोष्ट मात्र शेतकऱ्यांच्या बाजूने होती. तेथील क्लोव्हर आपल्या शेंगा भुईमुगाप्रमाणे जमिनीत खुपसते. वरून आग वेगाने निघून गेली असेल तर मातीतील बी बहुधा वाचते. जेथे झाडांखाली पाल्याचा जाड थर होता व आग बराच वेळ रेंगाळली, तेथे बी भाजले आणि पुन्हा पेरणी करावी लागली. कोणता तुकडा कसा जळाला हे पाहून त्याप्रमाणे खर्च करणे, सरसकट पेरणी न करणे, यात बियाण्याचा मोठा पैसा वाचतो. पावसानंतर नवे गवत वर आले की त्यावर लगेच मेंढ्या सोडण्याचा मोह होतो. ती रोपे मुळांनी जमीन धरेपर्यंत थांबले पाहिजे. मेंढीने ओढले असता रोप मुळासकट येत असेल तर कुरण अजून चरण्यायोग्य नाही, ही सोपी परीक्षा आहे.

मधमाश्यांची स्थिती याहून अवघड होती. पेट्या वाचल्या तरी फुलोऱ्याची झाडे जळाल्यामुळे मध-पराग मिळेना. साखरपाक व परागाचा पर्याय देऊन वसाहती जगवाव्या लागल्या. कायद्यामुळे बाहेरून माश्या आणता येत नाहीत. त्यामुळे उरलेल्या वसाहतींपासूनच वाढ करणे हा एकच मार्ग होता. गवत एका पावसात येते. निलगिरीच्या झाडाला पुन्हा भरपूर फुले येण्यास वर्षे लागतात.

तेथे कुंपण हाच मेंढपाळ

आपले धनगर बांधव कळपाबरोबर चालतात आणि रात्री वाघर लावून मेंढ्या बसवतात. ऑस्ट्रेलियात एक कुटुंब काही हजार मेंढ्या सांभाळते, ते केवळ कुंपणाच्या जोरावर. कुंपणामुळे नर-मादी वेगळे राहतात, कुरण पाळीपाळीने चरता येते, शेजाऱ्याच्या पिकात कळप जात नाही. कुंपण जळाले की वाचलेल्या मेंढ्याही सांभाळता येत नाहीत.

लाकडी खांब जळतात. लोखंडी खांब उभे राहतात, पण तार तापल्याने तिचा ताण जातो व जस्ताचा मुलामा उडून ती लवकर गंजते. म्हणजे दिसायला उभे असलेले कुंपणही दोन-चार वर्षांत बदलावे लागते. वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या द्रावणात मुरविलेले खांब वापरलेले असतील तर त्यांच्या राखेत आर्सेनिक राहते. ती राख खारट लागत असल्याने जनावरे चाटतात आणि विषबाधा होते. म्हणून जळालेल्या खांबांची राख गोळा करून जनावरे तिच्यापर्यंत पोहोचणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते.

घराचा विमा बहुतेकांचा असतो, पण कित्येक किलोमीटर कुंपणाचा पुरेसा विमा उतरविणे फार थोड्यांना परवडते. येथे ब्लेझएड या संस्थेचे काम मोलाचे ठरले. व्हिक्टोरिया राज्यात २००९ साली झालेल्या भीषण वणव्यानंतर एका मेंढपाळ दाम्पत्याने, केविन व ऱ्होंडा बटलर यांनी, ती सुरू केली. आगीत त्यांचे कुंपण जळाले तेव्हा ओळखी-अनोळखी लोकांनी येऊन ते उभे करून दिले. तसेच काम इतरांसाठी करावे, एवढा साधा त्यामागचा विचार होता. निवृत्त माणसे, सुट्टीवरचे तरुण अशा स्वयंसेवकांची छावणी गावाजवळ उभी राहते. सकाळी तुकड्या शेतांवर जातात, जळालेली तार गुंडाळतात, खांब ठोकतात. साहित्य शेतकऱ्याचे, श्रम त्यांचे. शेतकरीही त्यांच्याबरोबर काम करतो. एकटाच जळक्या शेताकडे पाहत बसलेला माणूस यामुळे उठून कामाला लागतो. कुंपणाइतकाच हाही फायदा आहे, असे मला वाटते.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, राज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि बाहेरून येणाऱ्या माणसांचा ओघ थांबला. बेटाचे दुसरे उत्पन्न पर्यटनाचे. आगीने बसलेला त्याचा एक हंगाम गेलाच होता, आता दुसराही गेला.

बेटाच्या पश्चिम भागातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी सैनिकांना दिलेल्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी पुढे निलगिरी व पाइनच्या व्यापारी लागवडीखाली गेल्या. कुटुंबे कमी झाली, म्हणजे आग विझविणारे हातही कमी झाले. ती लागवड या आगीत बहुतांशी जळाली. लाकूड बाहेर नेण्यासाठी प्रस्तावित केलेल्या बंदरास २०२१ मध्ये सरकारने परवानगी नाकारली आणि कंपनीने ही जमीन पुन्हा शेतीकडे वळविण्याचे ठरविले. एका पिढीने झुडपे काढून केलेली कुरणे दुसऱ्या पिढीने झाडांखाली घातली आणि तिसरी पिढी ती पुन्हा मोकळी करीत आहे.

आपल्या शेतकऱ्यांनी काय करावे ?

आपल्याकडे विजेच्या वणव्याचा धोका कमी असला तरी वीज आणि वणवा हे दोन्ही धोके वेगवेगळे पुष्कळ आहेत. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ धरतो. त्याआधीच, म्हणजे जानेवारीअखेर, आंबा-काजूच्या बागेभोवती व गवताच्या पड जमिनीला लागून ३ ते ५ मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून स्वच्छ करावा. कापलेले गवत पट्ट्यातच टाकून ठेवू नये. कलमांच्या आळ्यातील आच्छादनासाठी वापरावयाचे असल्यास खोडापासून दूर पसरावे. पट्टा जाळून करावयाचा असेल तर तो पहाटे, वारा नसताना, पाणी व चार माणसे हाताशी ठेवूनच जाळावा.

सर्व कडबा एकाच गंजीत रचू नये. दोन किंवा तीन गंज्या एकमेकींपासून व गोठ्यापासून अंतर ठेवून रचाव्यात. वर्षाची वैरण एका ठिणगीत गेली तर बैल विकावे लागतात. मार्चमध्ये विकलेले बैल जूनमध्ये त्याच किमतीत मिळत नाहीत. ऊस व गव्हाच्या शेतावरून गेलेल्या वीजवाहक तारा लोंबत असतील तर वितरण कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

एप्रिल-मेमध्ये गडगडाट सुरू झाला की जनावरे झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत. तारेवर पडलेली वीज दूरपर्यंत जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या 'दामिनी' या मोबाईल ॲपवर आपल्या परिसरातील विजेची सूचना मिळते. वीज पडून जनावर दगावल्यास ते पुरण्याची घाई करू नये. ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांना कळवून पंचनामा व शवविच्छेदन करून घ्यावे. त्याशिवाय शासनाची मदत मिळण्यास अडचण येते.

द्राक्ष व डाळिंब पट्ट्यातील अनेक शेतकऱ्यांकडे ट्रॅक्टरवर चालणारा फवारणी पंप आणि पाचशे-सहाशे लिटरची टाकी असते. ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्याच्या गाडीवरचा बंब याहून फार वेगळा नाही. फवारणीचा हंगाम संपल्यावर टाकी स्वच्छ धुऊन, पाण्याने भरून, नळी व गन जोडून ट्रॅक्टरसह तयार ठेवावी. विहिरीवरील विद्युत पंपावर विसंबून राहू नये. आग दुपारी लागते आणि त्या वेळी शेतीला वीज असेलच असे नाही.